सरळ हाडाला वाकडं प्लास्टर

प्लास्टर तापतं, हे ज्यांनी ते अंगावर वागवलंय त्यांना सांगायला नको. पाण्यातून पिळून काढलेली पट्टी हाताभोवती फिरते तेव्हा माणूस शहारतो, आणि थोड्याच मिनिटांत आतून ऊब यायला लागते. "भाजणार नाही ना हो?" असं विचारणारा एक तरी पेशंट प्लास्टर रूममध्ये असतोच, आणि "काही होत नाही काका, सेट होतंय" असं मान वर न करता सांगणारा वॉर्डबॉयही.

सेट होतंय म्हणजे काय होतंय? जिप्सम हा मऊ, पांढुरका दगड. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो. त्याच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. दगड १५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून भुकटीला पॅरिसचं नाव चिकटलं. तिला पाणी दिलं की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते, भाजताना घेतलेली उष्णता बाहेर टाकते, बारीक टोकदार स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पुन्हा दगड तयार होतो. आळताना बहुतेक पदार्थ आक्रसतात, प्लास्टर मात्र किंचित फुगतं. त्यामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरून बसतं. बोटाचा ठसा, कापडाची वीण, ओठावरची चीर, सगळं उचलतं.

या गुणापायीच त्याला इतकी गिऱ्हाइकं मिळाली. शिल्पकार, हाडांचे डॉक्टर, कवळ्या बनवणारे, पुराणवस्तूवाले, गणपतीचे कारखानदार. प्रत्येकाला काहीतरी जसंच्या तसं हवं असतं. मी कला महाविद्यालयात शिल्पकला शिकले, पुढे पोटासाठी दुसरंच काही करत राहिले. आणि माझा मावसभाऊ कृत्रिम पाय बनवतो. या दोन टोकांनी प्लास्टर माझ्या आयुष्यात राहिलं. जवळून बघताना एक गोष्ट सारखी जाणवत गेली, ती अशी की ज्यांना हा पदार्थ खरोखर कळतो ते त्याच्या जसंच्या तसंपणावर फारसे विसंबत नाहीत. कुठे तो मोडायचा, हे ठरवण्यातच त्यांचं कसब असतं.

डॉक्टरांनी प्लास्टर शिल्पकारांकडून उचललं असं म्हटलं तर ते निदान अर्धं खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातले काही शल्यविशारद मोडलेला पाय पेटीत ठेवून सभोवार पातळ प्लास्टर ओतत. हाड हलायचं नाही हे खरं, पण पेशंटही हलायचा नाही. एवढं ओझं पायाला घेऊन जाणार कुठे? १८५१ मध्ये हार्लेमच्या लष्करी इस्पितळातल्या आंतोनियस माथायसन या डच डॉक्टरने साधी युक्ती काढली. सुती पट्ट्यांवर कोरडी भुकटी चोळून ठेवायची आणि वेळेला पाण्यात भिजवून गुंडाळायची. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारा पीओपी बँडेजचा रोल याच पट्टीच्या वंशातला. त्याच सुमारास रशियात निकोलाय पिरोगोव याला ही गोष्ट वेगळ्याच दारातून सापडली. ओळखीच्या एका शिल्पकाराच्या स्टुडिओत प्लास्टरमध्ये भिजलेलं कापड बघता बघता टणक होताना त्याने पाहिलं आणि ते थेट दवाखान्यात नेलं. लवकरच क्रिमियाच्या युद्धात, सेवास्तोपोलच्या वेढ्यात, त्याने शेकड्यांनी जखमींवर ते वापरलं. बंदुकीच्या गोळीने हाड फुटलं की पाय कापायचा, हा त्या काळचा रिवाज. प्लास्टरमुळे कितीतरी पाय जागेवर राहिले.

आपल्याकडे तेव्हा, आणि गावोगाव आजही, हाडवैद्य होते. त्यांच्या बोटांना हाड कळतं, याबद्दल शंका नाही. चाचपून सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. घोळ होतो तो बांबूच्या कामट्या करकचून आवळण्यात. मोडलेला भाग सुजतो, सुजेला जागा मिळाली नाही की रक्त पोचत नाही आणि बोटं काळी पडतात. हीच चूक प्लास्टरनेही होते, म्हणून डॉक्टर आधी बऱ्याचदा अर्धं, म्हणजे आपण ज्याला 'कच्चं प्लास्टर' म्हणतो ते घालतात आणि सूज उतरल्यावर पक्कं. बोटं उघडी ठेवतात तीही वाऱ्यासाठी नव्हेत. नखावर दाबून सोडलं की गुलाबी रंग परत येतोय का, हे बघायला.

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे. प्लास्टर म्हणजे हाताच्या मापाची एक टणक नळी, आणि नळीत ठेवलं की हाड आपोआप सरळ जुळतं, अशी माझी समजूत होती. ओळखीच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ बाईंनी ती हसून उडवून लावली. त्यांच्या पेशात एक जुनं वाक्य चालतं: सरळ हाड हवं असेल तर प्लास्टर वाकडं हवं. लांब हाड मोडतं तेव्हा बहुधा एका बाजूचं आवरण फाटतं, दुसऱ्या बाजूचं शाबूत राहतं. त्या शाबूत बाजूचा बिजागरी म्हणून उपयोग करायचा. तीन ठिकाणी दाब द्यायचा, दोन एका बाजूने आणि मधला समोरून, म्हणजे ते आवरण ताणलेलं राहतं आणि तुकडे जागा सोडत नाहीत. हा दाब द्यायचा तो प्लास्टर ओलं असताना, तळव्यांनी, आणि ते आळेपर्यंत हात हलवायचा नाही. असं प्लास्टर दिसायला ओबडधोबड दिसतं. बाई म्हणाल्या, "गोल, गुळगुळीत, सुबक प्लास्टर बघितलं की मी आधी एक्स-रे मागते. आतलं हाड सरकलेलं असण्याची शक्यता जास्त."

या हातांच्या दाबाचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलांवरचा उपचार. इग्नासियो पोन्सेती हा मूळचा स्पेनचा, मिनोर्का बेटावरचा. तिथल्या यादवी युद्धात त्याने जखमींची हाडं सांभाळली, पराभवानंतर देश सुटला, आणि १९४१ मध्ये तो अमेरिकेत आयोवाला पोचला. त्याच्या आधीही डॉक्टर अशा बाळांच्या पावलांना प्लास्टर घालत होते, पण पाऊल बाहेर वळवताना अंगठ्याचा टेकू चुकीच्या हाडावर देत होते. पाऊल अडून राही, मग शस्त्रक्रिया, आणि मोठेपणी ताठर, दुखरे पाय. पोन्सेतीने टेकू घोट्यातल्या हाडाच्या पुढच्या टोकावर आणला. एवढाच फरक. दर आठवड्याला पाऊल थोडं फिरवायचं, तेवढंच प्लास्टरमध्ये धरून ठेवायचं, पुढच्या आठवड्याला ते काढून आणखी थोडं. पाच-सहा प्लास्टरांत बहुतेक पावलं वळतात. मग टाचेची शीर बारीकशा छेदाने सैल करतात, शेवटचं प्लास्टर घालतात आणि पुढची काही वर्षं रात्री आडव्या दांडीला जोडलेले बूट. ही पद्धत त्याने १९६३ मध्येच छापली होती, पण जगाने ती मनावर घेतली नव्वदीच्या दशकात. आज भारतातल्या सरकारी इस्पितळांतही ती चालते. तिथे कधीकधी एकाच बाळाची उतरवलेली प्लास्टरं ओळीने मांडलेली दिसतात. पहिलं आत दुमडलेलं, शेवटचं बाहेर बघणारं. फायबरग्लासची हलकी, पाण्याला न भिणारी पट्टी आली तरी या कामासाठी अनेक डॉक्टर पीओपीच मागतात, कारण फायबरग्लास अंगठ्याचं ऐकत नाही.

अंगठ्याचं ऐकणारा पदार्थ म्हणूनच तो शिल्पकारांचा. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी 'वेस्ट मोल्ड', म्हणजे शेवटी फोडून टाकायचा साचा, शिकवत. मातीत डोकं घडवायचं. सर एकदाचे बरं म्हणाले की त्यावर पहिला हात प्लास्टरचा, पातळ, ताकापेक्षा दाट पण दह्याइतकं नाही असं कालवलेलं, आणि त्यात कपड्यांची नीळ मिसळलेली. हे बोटांनी झटके देत शिंपडायचं, म्हणजे नाकाच्या खाली, कानाच्या मागे हवा अडकत नाही. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर, मजबुतीला काथ्या. आळलं की साचा दोन भागांत उघडायचा आणि आतली माती उकरून काढायची. ती मूर्ती, जिच्यासाठी महिनाभर मान मोडून काम केलं, ती बादलीत. साचा धुवायचा, साबणाचं पाणी लावायचं, पुन्हा जोडून प्लास्टर ओतायचं. मग छिन्नी-हातोडी घेऊन साचा फोडायचा. पांढरं बिनधास्त फोडा. निळं दिसलं की हात हलका, कारण त्याच्याखाली लगेच गाल आहे. वर्गात एकाच वेळी दहा-बारा जणांची टकटक चाललेली असायची आणि ज्याचं निळं दिसलं त्याची एकदम थांबायची.

आणि हे सगळं करून जे हाती यायचं ते, खरं सांगायचं तर, निराश करायचं. एकही रेष हललेली नसायची, तरी जीव गेलेला असायचा. ओल्या मातीला चमक असते, सावल्या खोल असतात. प्लास्टर प्रकाश पिऊन टाकतं आणि सगळं एकाच पातळीवर आणतं. मग डोळ्याच्या कडा जरा जास्त खोल करा, ओठांच्या मधली रेघ पुन्हा काढा, असं सर सांगायचे. थोडक्यात, मूळ मूर्तीत नसलेलं घाला, म्हणजे ती मूळ मूर्तीसारखी दिसेल. माती म्हणजे जन्म, प्लास्टर म्हणजे मरण आणि संगमरवर म्हणजे पुनर्जन्म, असं एक वचन थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या नावावर सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. १८९६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या, जेमतेम विशीतल्या गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली ती प्लास्टरमध्येच. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली, नऊवारीतली मराठी तरुणी. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. त्या नऊवारीच्या निऱ्यांकडे पाहून प्लास्टर म्हणजे मरण असं कुणी म्हणणार नाही.

गंमत अशी की त्याच जे.जे.मध्ये प्लास्टरचा दुसरा एक संसार होता, आणि तो खरोखरच निर्जीव होता. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा अभ्यासक्रम इंग्लंडच्या वळणाचा. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती आणलेल्या, आणि मुलांनी त्या समोर ठेवून आधी छाया-प्रकाश शिकायचा, जिवंत माणूस नंतर. कोकणातून, देशावरून आलेल्या कितीतरी पोरांची चित्रकलेतली पहिली ओळख अशी परदेशी नाकाशी झाली. शिस्त लागली, डोळा तयार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या प्रतिकृतींनी एक गैरसमज जगभर पसरवला. मूळ ग्रीक पुतळे रंगवलेले असत. जमिनीत गाडले गेल्याने, धुतले गेल्याने रंग गेले, उरलेल्या आकाराचे साचे घेतले गेले, आणि पांढऱ्याशुभ्र प्लास्टरमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या की अभिजात म्हणजे पांढरं. आकार तंतोतंत, आणि समजूत पार चुकीची.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १८७३ पासून प्लास्टर प्रतिकृतींचं स्वतंत्र दालन आहे. रोमचा ट्राजनचा स्तंभ तिथे दोन तुकडे करून उभा आहे, कारण एवढं उंच छत नाही. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पुरी उंचीची प्रत आहे, आणि राजघराण्यातल्या स्त्रिया आल्या की घाईघाईने अडकवण्यासाठी बनवलेलं प्लास्टरचं अंजिराचं पानही. त्या काळी प्लास्टरची ही हौस भारतापर्यंत पोचली होती. १८६९-७० मध्ये लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल याने सांचीच्या पूर्व तोरणाचे साचे घेतले आणि त्यातून झालेल्या प्रती युरोपात गेल्या. विसाव्या शतकात अशा प्रतिकृती म्हणजे नकली माल ठरल्या, अनेक संग्रहालयांनी त्या फोडूनही टाकल्या. आता उलटं झालंय. ट्राजनच्या स्तंभाचा संगमरवर गेल्या दीडशे वर्षांत हवेतल्या आम्लाने झिजला, आणि जुन्या साच्यांत असलेले काही बारकावे मूळ दगडावर उरलेले नाहीत. नकलेला अस्सलाची साक्ष काढायला बोलावलं जातंय.

आणि गणपती? महाराष्ट्रात पीओपी म्हटलं की श्रावण-भाद्रपदातली भांडणं आठवतात. प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त, रबरी साच्यातून झटपट निघणारी. पेणसारख्या गावाचा वर्षभराचा रोजगार त्यावर उभा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये तिच्यावर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये मूर्ती बनवायला वाट मिळाली, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींच्या नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला नाही. भावनेचा भाग बाजूला ठेवून नुसता हिशेब बघा. जिप्सम एक लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला पूर्ण विरघळायला हजार लिटर पाणी हवं. बादलीत ती नुसती मऊ पडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा तोडगा काढला. त्यात मूर्ती फुटून खाली खडू बसतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते झाडांना घालता येतं. रसायन पक्कं आहे. पण घराच्या बाल्कनीत फसफसणाऱ्या बादलीपुढे हात जोडायला कितीजण तयार होतात, हा प्रश्न रसायनाचा नाही.

चेहऱ्यांकडे येते. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढलेल्या सैनिकांचे जबडे, नाकं, गाल तोफगोळ्यांनी उडाले. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आरशात बघवत नव्हतं. लंडनच्या वँड्सवर्थ इथल्या लष्करी इस्पितळात फ्रान्सिस डर्वेंट वुड हा शिल्पकार वयामुळे लढाईला न जाता मदतनीस म्हणून लागला होता. त्याने या लोकांसाठी मुखवटे करायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईने रेडक्रॉसच्या आसऱ्याने तसाच स्टुडिओ काढला. जखमा भरल्यावर चेहऱ्याचा प्लास्टर साचा घ्यायचा. भाजलेल्या, शिवलेल्या कातडीवर ओलं प्लास्टर. किती त्रास होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्या साच्यातून जो चेहरा यायचा तो डोळे मिटलेला आणि तुटलेला. मग युद्धाआधीचा फोटो समोर ठेवून त्यावर मातीने हरवलेला भाग घडवायचा, त्यावरून तांब्याचा कागदाइतका पातळ पत्रा विद्युत प्रक्रियेने चढवायचा, आणि तो माणसाच्या तोंडावर बसवूनच रंगवायचा, ढगाळ दिवसाच्या आणि उन्हाच्या कातडीच्या मधली छटा धरून. चष्म्याच्या काड्यांनी तो कानावर अडके. लोक कामावर जाऊ लागले, लग्नं झाली. पण मुखवटा हसत नाही, दाढी वाढत नाही, आणि माणूस म्हातारा होतो तेव्हा तो तरुणच राहतो. फोटोतल्या चेहऱ्याशी तो इतका प्रामाणिक होता की पुढच्या चेहऱ्याला त्यात जागा उरली नाही.

पॉम्पेईचं तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली, देह कुजले, राख घट्ट झाली आणि आत माणसाच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्लीने त्यात प्लास्टर ओतलं. कपड्यांच्या घड्या, आवळलेल्या मुठी, सगळं बाहेर आलं. पुढे एका घरात असेच साचे मिळाले, हातात सोन्याचं कडं असलेली एक व्यक्ती आणि जवळ एक मूल. वर्षानुवर्षं लोकांनी तिला आई म्हटलं. प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला की तो पुरुष होता आणि मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. प्लास्टरने एवढंही चुकीचं सांगितलं नव्हतं. कडं म्हणजे बाई, शेजारी मूल म्हणजे आई, ही भर आपली.

तसाच तो सेन नदीतल्या अनोळखी मुलीचा मुखवटा. बुडून मेलेल्या मुलीच्या चेहऱ्याचा साचा म्हणून तो पॅरिसच्या कलावंतांच्या भिंतींवर गाजला. मिटलेले डोळे, ओठांवर पुसटसं हसू. पाण्यातून काढलेला चेहरा इतका नितळ नसतो, म्हणून ही जिवंत मॉडेल असावी असं अनेकांचं मत. १९६० च्या सुमारास नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याला कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी बाहुली करायची होती. त्याने हाच चेहरा निवडला. तेव्हापासून जगभरात प्रथमोपचार शिकणारे तिच्या तोंडात श्वास फुंकतायत. ती कोण होती हे कळलं नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

आता मावसभावाकडे. त्याला मी दादा म्हणते. पुण्याच्या एका उपनगरात गाळा घेऊन तो गुडघ्याखालचे पाय बनवतो. पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून. आणि भारतात या क्षेत्रात जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, त्या जयपूर फूटच्या मुळाशी डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याइतकाच रामचंद्र शर्मा हा हातात कला असलेला कारागीर आहे. १९६८ च्या सुमाराची गोष्ट. शल्यविशारदाला हाडं ठाऊक, कारागिराला घडवणं. मांडी घालून बसता येईल, अनवाणी शेतात जाता येईल असं पाऊल दोघांच्या मिळून डोक्यातून निघालं.

मी गेले तेव्हा दादासमोर एक उसाचे शेतकरी बसले होते. साखरेच्या आजाराने पाय गेलेला. दादा स्टुलावर, त्यांचा उरलेला पाय मांडीवर घेऊन.

"मामा, पाय ढिला सोडा. उचलू नका, मी धरलाय."

"ढिलाच हाय की."

"नाही. गुडघा ताठ धरलाय तुम्ही. शेतावरचं सांगा काहीतरी."

मामा कारखान्याच्या थकलेल्या बिलावर बोलायला लागले आणि गुडघा खरंच सैल झाला. दादाने ओला, पातळ मोजा चढवला आणि जांभळ्या पेन्सिलीने त्यावर खुणा केल्या. गुडघ्याची वाटी, नडगीची धार, बाहेरच्या बाजूचं हाडाचं टेंगूळ, खालचं टोक. मग पट्टी पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत. वरून खाली गुंडाळत आला, तळव्याने चोळून थर एकजीव केले, आणि दोन्ही अंगठे वाटीच्या खाली, बाकीची बोटं गुडघ्याच्या मागे, असा धरून बसला. बिलाची गोष्ट संपली तरी बसला होता. अंगठ्यांची नखं पांढरी पडली होती.

आळल्यावर साचा उतरवला. आत डोकावलं तर जांभळ्या खुणा जशाच्या तशा प्लास्टरवर उमटलेल्या. त्या पोकळीत लोखंडी पाइप उभा धरून प्लास्टर ओतलं, बाहेरचं कवच सोललं, की मामांचा पाय पांढऱ्या दगडात उभा, त्याच जांभळ्या खुणांसकट. माझ्या हिशेबी काम इथे संपायला हवं होतं. यावर प्लास्टिक चढवा, झालं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ.

दादाने तो व्हाइसमध्ये आवळला आणि कानस घेतली. वाटीच्या खाली, जिथे अंगठे दाबले होते, तिथे आणखी खोल घासायला लागला. पोटरीच्या बाजूने घासलं. मग थोडं प्लास्टर कालवून नडगीच्या धारेवर, बाहेरच्या टेंगळावर आणि टोकावर पुटं चढवली. खुणांच्या मदतीने, पण मधूनमधून डोळे मिटून हात फिरवत. मी म्हटलं, "अरे, एवढं नीट माप घेतलंस ते बिघडवतोयस का?"

"जसंच्या तसं दिलं तर मामा चार पावलं चालतील आणि काढून फेकतील," तो म्हणाला. "वाटीखालच्या शिरेला वजन सोसतं, तिथे मी प्लास्टर काढतोय, म्हणजे सॉकेट आत दाबेल. नडगीला सोसत नाही, तिथे घालतोय, म्हणजे सॉकेट तिच्यापासून दूर राहील. पाय बसलेला असताना जसा दिसतो तसा उभा राहिल्यावर नसतो. मला उभ्या पायाचं माप हवंय, आणि ते कुठूनच मिळत नाही."

किती काढायचं, किती घालायचं? पुस्तकात आकडे आहेत, मिलिमीटरमध्ये. पण मांस मऊ असेल तर जास्त, हाडकुळा पाय असेल तर कमी, आणि साखरेच्या पेशंटला कातडीची संवेदना कमी असते, दुखलं तरी कळत नाही, म्हणून तिथे फार जपून. मला कॉलेजातला तो डोळ्यांच्या कडा खोल करण्याचा तास आठवला. फरक इतकाच की आमची चूक झाली तर सर नाक मुरडायचे, इथे जखम होते.

दुसऱ्या दिवशी भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पाइप त्या पायावर ओढला गेला. थंड झाल्यावर आतला पांढरा पाय छिन्नीने फोडून काढला. गोणी भरली की ती कुठे जाते, असं मी विचारलं. "भरावाला नेतात," एवढंच उत्तर मिळालं. ओळखीचे व्यावसायिक आता स्कॅनर घेतायत. दादाचा त्याला विरोध नाही. गाळ्यात चिखल कमी होईल, तुंबणारं बेसिन सुटेल, म्हणतो. स्क्रीनवरही इथे काढा, तिथे घाला हेच करायचं असतं. पण लोंबकळत्या पायाचं चित्र आणि अंगठ्याखाली दाबलेल्या पायाचं माप यात त्याला अजून अंतर वाटतं, आणि ते अंतर भरून काढायला हात लावावाच लागतो.

मामा सॉकेट घालून दोन कठड्यांच्या मधून चालले. परत आले तेव्हा दादाने सॉकेट काढून कातडी पाहिली. वाटीखाली लाल झालं होतं, नडगी कोरी. त्याला हवं होतं तसं. मग त्याने पिशवीतून मोजे काढले आणि समजावलं की पहिल्या वर्षात पाय बारीक होत जातो, सॉकेट ढिलं लागायला लागतं.

"मग काय करायचं?"

"एक मोजा जास्तीचा चढवायचा. आणखी ढिलं वाटलं तर दुसरा. तीन मोजे लागायला लागले की मला फोन करा मामा, नवीन माप घेऊ."